इमारतीनं प्रतिसाद द्यावा, पण कुणाला?

कवडसा

एका पुनर्वसन केंद्राच्या आराखड्यावर काम करतेय. चाळीस खाटा. पक्षाघातानंतर किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणसं इथं आठ-दहा आठवडे राहतील, पुन्हा चालायला आणि घास तोंडापर्यंत न्यायला शिकतील. मालक मंडळींना 'प्रतिसाद देणारी' इमारत हवी आहे आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी यादी पुढे ठेवली: उन्हाबरोबर फिरणाऱ्या झडपा, माणसं ओळखून हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा, दिवसभर रंग बदलणारे दिवे, आपोआप गडद होणारी काच, सेन्सरचे नळ. यादीत खिडकीची कडी मात्र नव्हती.

मी यंत्रांच्या विरोधात नाही, पण ती यादी वाचून कुठंतरी खटकलं ते खटकलंच. म्हणून हा धागा.

वास्तू आणि तब्येत हा विषय निघाला की हमखास रॉजर उलरिखचा १९८४चा अभ्यास पुढे येतो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यानं नोंदींमधून निवडल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडं, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. नोंदी निवडताना झाडांना पानं असतात तेवढेच महिने घेतले होते, हा मला त्यातला सगळ्यात आवडता तपशील. एकूण माणसं ४६च, तेव्हा यावर सगळा डोलारा उभारू नये हेही खरं.

माझ्या मनातली इमारत मात्र त्याहून जुनी आहे. फिनलंडमधलं पायमिओचं क्षयरोग्यांचं आरोग्यधाम, १९३३ साली पूर्ण झालेलं, वास्तुकार आल्व्हार आल्तो. त्यानं खोलीची मांडणी झोपलेल्या माणसाच्या बाजूनं केली. आडव्या माणसाला दिवसभर छतच दिसतं, म्हणून छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद हिरवट रंग. दिवा थेट डोळ्यात येणार नाही अशा जागी. खोलीत दोन रुग्ण, म्हणून हात धुण्याचं भांडं अशा कोनात घडवलेलं की पाणी पडल्याचा आवाज शेजाऱ्याला त्रास देणार नाही. एकही मोटर नाही, तरी इमारत माणसाला प्रतिसाद देतेच आहे की!

तर प्रश्न असा: आपोआप काय व्हावं आणि माणसाच्या हातात काय राहावं? अशा इमारती वापरणारे, सांभाळणारे, त्यात राहिलेले, सगळ्यांनी लिहा.

उंबरठा

वाचतोय. वाखु (वाचनखूण) साठवली.

डॅम्पर

कवडसाताई, मी याच धंद्यातला, स्वयंचलन बसवून देतो, त्यामुळे माझा कल कुठं असणार ते उघड आहे. 😀 तरी बाजू मांडतो.

तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी डोकेदुखीतून आलीय. ऊर्जाटंचाईच्या काळात इमारती घट्ट बंद केल्या गेल्या आणि अमेरिकी मानकात ताज्या हवेचं किमान प्रमाण माणशी सेकंदाला सुमारे २.५ लिटरवर आलं. १९८९ साली ते ७.५वर न्यावं लागलं. मधल्या काळात डोकं जड होणं, डोळे चुरचुरणं, घसा कोरडा पडणं अशा तक्रारींचा पूर आला आणि 'आजारी इमारत' हा शब्द रुळला. तेव्हा हवेचं मोजमाप करून ती सोडणारी यंत्रणा हे चोचले नव्हेत.

झडपांचंही तसंच. अबू धाबीतले अल बहर मनोरे पाहा, २०१२चे. प्रत्येक मनोऱ्यावर हजारावर छत्र्या आहेत, त्या सूर्याप्रमाणे उघडतात आणि मिटतात. उन्हाची धग निम्म्यानं कमी होईल असा संकल्पकांचा अंदाज होता. अख्खी इमारत काळ्या काचेत कोंडण्यापेक्षा हे बरं नाही का? काळ्या काचेआडून झाडही काळंच दिसतं.

माणसाच्या हातात दिलं की माणूस काय करतो ते मी रोज बघतो. सकाळी ऊन डोळ्यावर आलं म्हणून पडदा ओढतो, ऊन गेल्यावर तो उघडायला विसरतो, आणि दिवसभर दिवे लावून बसतो.

पान्हा

डॅम्परसाहेब बसवून जातात, मग बोलावणं आम्हाला येतं. 🙂 मी देखभालवाला.

हवेच्या सेन्सरची एक गंमत सांगतो, आराखडा करणाऱ्यांना सहसा माहीत नसते. कार्बन डायऑक्साइड मोजणारे बरेचसे सेन्सर स्वतःची शून्यरेषा स्वतःच सुधारतात. त्यांचं गृहीतक असं की काही दिवसांत एकदा तरी जागा रिकामी होईल आणि आतली हवा बाहेरच्या हवेइतकी होईल, म्हणजे ४०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४००) आसपास. ऑफिस रात्री ओस पडतं, तिथं हे चालतं. पण चोवीस तास भरलेल्या वॉर्डात पातळी ६००च्या खाली जातच नाही. मग तो सेन्सर ६००लाच ४०० समजतो आणि तिथून पुढे २०० कमी दाखवतो. हवा कोंदट, पडद्यावर आकडा हिरवागार. नर्स म्हणते गुदमरतंय, बीएमएस (इमारतीची यंत्रं सांभाळणारी संगणक प्रणाली) म्हणतं सगळं आलबेल. आणि सगळे बीएमएसवर विश्वास ठेवतात!

चाळीस खाटांच्या जागेत ही आपोआप सुधारणा बंद ठेवा आणि ठरावीक काळानं सेन्सर हातानं तपासून घ्या. ते काम कोण करणार, त्याचा पगार कोण देणार, हे आराखड्यातच लिहा.

दुसरं असं की हा वायू म्हणजे आत माणसं किती आहेत याचा अंदाज फक्त. नव्या फर्निचरमधून निघणारं फॉर्मल्डिहाइड त्याला दिसत नाही. खोली रिकामी, सेन्सर खूश, पंखा मंद, आणि सकाळी दार उघडलं की डोळ्यांतून पाणी.

डॅम्पर

शून्यरेषेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्याकडूनही एकदा ही चूक झाली आहे, कुठं ते विचारू नका.

रात्रपाळी

परिचारिका आहे, बरीच वर्षं रात्रपाळी केली. वरची चर्चा निम्मी डोक्यावरून गेली, पण दिव्यांबद्दल बोलायचा हक्क आहे मला.

आम्ही नव्या विभागात गेलो तेव्हा तिथं हालचालीवर लागणारे दिवे होते. रात्री दोनला मी औषध द्यायला आत पाऊल टाकलं की छतावरचे सगळे दिवे भक्कन लागायचे. एका रुग्णासाठी गेलेय आणि चौघं जागे! शेवटी आम्ही सेन्सरवर चिकटपट्टी लावली. तपासणी असली की काढायची, नंतर परत लावायची. स्वच्छतागृहात याच्या उलट. आजारी माणूस जरा वेळ स्थिर बसला की दिवा गुल. तो सेन्सर म्हणे उष्ण शरीराची हालचाल बघतो. पण ज्याला हालताच येत नाही त्याचं काय? अंधारात हात हलवून 'मी आहे' असं सांगायचं?

मात्र एक सेन्सर मी पदरचे पैसे घालून लावीन. खाटेखालचा मंद पिवळसर दिवा. पाय जमिनीला लागले की तो लागतो, स्वच्छतागृहापर्यंत वाट दाखवतो, शेजारच्याच्या डोळ्यावर येत नाही. लोक पडतात ते बहुधा या एवढ्याशा अंतरात, झोपेच्या भरात.

कवडसा

चिकटपट्टी! हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. कुठल्या सेन्सरवर कुणी चिकटपट्टी लावली आहे, याचीच पाहणी आधी करायला हवी.

घुबड

रात्रपाळीताईंना जे अनुभवातून कळलं त्याचं शास्त्र थोडक्यात सांगतो. डोळ्याच्या पडद्यात दिसण्यासाठीच्या पेशींशिवाय आणखी एक जात आहे, तिच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. या पेशी स्वतःच प्रकाश ओळखतात हे २००२ साली सिद्ध झालं. त्यांचा मुख्य उद्योग चित्र दाखवणं नव्हे, शरीराच्या घड्याळाला वेळ कळवणं. निळसर प्रकाशाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, त्या सगळ्यात जास्त जागतात. म्हणून रात्री पिवळसर-तांबूस दिवा बरा.

२०२२ मध्ये या विषयातल्या संशोधकांनी मिळून आकडे सुचवले: दिवसा डोळ्यापाशी किमान २५०, झोपेच्या आधीचे तीन तास जास्तीत जास्त १०, झोपेत १. हे साधे लक्स (उजेड मोजायचं एकक) नव्हेत, या पेशींच्या हिशेबानं मोजलेले लक्स. आणि 'डोळ्यापाशी' हा शब्द महत्त्वाचा, कारण प्रकाशयोजना करणारे सवयीनं टेबलावर मोजतात. कवडसाताईंचे रुग्ण तर टेबलाकडे बघतच नाहीत, ते छताकडे बघतात. म्हणजे पुन्हा तुमचा आल्तोच.

वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो, त्यामुळे वयस्कर माणसाला दिवसा जास्त उजेड लागतो. नेदरलँड्समध्ये वृद्धांच्या १२ निवासांतल्या १८९ जणांवर अभ्यास झाला होता, २००८ साली प्रसिद्ध झाला. जिथं दिवसभर छतावरून सुमारे १००० लक्स उजेड दिला, तिथं बुद्धीची घसरण थोडी मंदावली आणि उदासीची लक्षणं कमी झाली. 'थोडी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. विकणारे तो गाळतात.

आणि हे सगळं करायच्या आधी खाट खिडकीजवळ सरकवा. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स असतात, फुकट.

शंकासुर

एक उलटा प्रश्न. हे सगळं मनाचे खेळ नाहीत कशावरून? 'आपली काळजी घेतली जातेय' असं वाटलं की कुणालाही बरं वाटतं. मग छताला रंग लावा, उगाच एक बटण बसवा, कशाला न जोडलेलं. काम झालं!

कवडसा

शंकासुर, तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण बटणाचा प्रयोग खरंच झालेला आहे. १९७०च्या सुमारास ग्लास आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मध्येच दणकन होणाऱ्या आवाजात काम करायला बसवलं. काहींना एक बटण दिलं: असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला. तरी नंतरच्या कामात बटणवाल्यांनी जास्त चिकाटी दाखवली आणि चुका कमी केल्या.

याला मनाचा खेळ म्हणायचं तर म्हणा, पण आठ आठवडे खाटेवर पडलेल्या माणसाकडे मनाशिवाय दुसरं उरतं काय? फक्त न जोडलेलं बटण मी लावणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कळेल की इमारत खोटं बोलते, आणि मग खरं बटणही तो दाबणार नाही.

दक्षिणवारा

कवडसाताईंच्या म्हणण्याला तापमानाच्या मानकातूनच पुरावा देतो.

आधीची पद्धत फँगरची, १९७०ची. हवा, आर्द्रता, कपडे, शरीराची हालचाल असं सगळं समीकरणात घाला आणि सुखाचं तापमान काढा. बंद, वातानुकूलित इमारतीत ती चालते. पुढे डी डिअर आणि ब्रेगर यांनी जगभरातल्या १६० इमारतींमधल्या सुमारे २१,००० नोंदी तपासल्या. खिडक्यांवर चालणाऱ्या इमारतींमधली माणसं त्या समीकरणापेक्षा कितीतरी मोठा पल्ला आनंदानं सोसत होती. त्यावरून निघालेलं सूत्र अगदी सोपं आहे: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१नं गुणा, त्यात १७.८ मिळवा. बाहेर ३० अंश सरासरी असेल तर आत २७.१ लोकांना बरं वाटतं. २००४ पासून हे अमेरिकी मानकात आहे.

आता खरी मेख. हे सूत्र कुठं वापरायची परवानगी आहे? जिथं आतल्या माणसांना खिडकी स्वतःच्या हातानं उघडता-मिटता येते तिथंच! खिडकीची कडी हे तापमानाचंच यंत्र आहे, असं मानकच म्हणतंय.

एक इशारा मात्र देतो. या नोंदी ऑफिसातल्या धडधाकट माणसांच्या आहेत. पक्षाघाताच्या रुग्णाला एका अंगाला गार-गरम नीट कळत नसेल, तर हे सूत्र जसंच्या तसं लावू नका.

अवांतर: नैसर्गिक वायुवीजन म्हटलं की कुणीतरी हरारेच्या ईस्टगेट इमारतीचं (१९९६) आणि वारुळाचं उदाहरण देणारच. ती वाळवीच्या वारुळात हवा खेळते त्यावरून सुचली म्हणतात. इमारत उत्तम आहे, रात्रीची गार हवा काँक्रीटमध्ये साठवून दिवसा वापरते. पण वारूळ तसं चालतच नाही, असं नंतर वारुळांचा अभ्यास करणाऱ्यांनीच दाखवलं. चुकीच्या समजातून बरोबर इमारत निघाली!

डावाहात

मी या चर्चेतला दुसऱ्या बाजूचा माणूस. अपघातानंतर नऊ आठवडे अशाच एका ठिकाणी होतो, उजवा हात निकामी.

खोलीला आपोआप चालणारे पडदे होते. ढगांचे पुंजके असलेल्या दिवशी ते वर-खाली, वर-खाली. घर्रर्र, थांब, घर्रर्र. एका दुपारी मी मोजलं, ३१ वेळा. झोप लागायची आणि पडदा उठवायचा. नियंत्रणाची पाटी दाराजवळ होती, भिंतीवर. दारापर्यंत चालता येणं हेच माझं सहा आठवड्यांचं उद्दिष्ट होतं. पडदा थांबवायला घंटा वाजवून माणूस बोलवायचा म्हणजे ओशाळल्यासारखं व्हायचं. दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा नाही.

पुढे मला दुसऱ्या, जुन्या खोलीत हलवलं. तिथं साधी सरकती खिडकी होती, डाव्या हाताच्या अंतरावर. पहिल्या दिवशी बोटभर उघडली. बाहेरचा आवाज आत आला, पावसाचा वास आला. त्या नऊ आठवड्यांत मी दुसऱ्या कुणाला न विचारता केलेली ती पहिली गोष्ट. फिजिओच्या वहीत तिची नोंद झाली नाही.

उंबरठा

__/\__

डॅम्पर

डावाहात, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ३१ वेळा पडदा हलणं ही सरळ आमची चूक. ढगाळ दिवसासाठी विलंब ठेवायचा असतो: ऊन काही मिनिटं टिकलं तरच पडदा खाली, आणि वर जाताना त्याहून जास्त वाट बघायची. बसवताना हे आकडे कारखान्यातून येतात तसेच सोडले जातात, कारण ताबा देण्याची तारीख तोंडावर असते. कमिशनिंगला (यंत्रणा चालवून नीट जुळवून घ्यायला) वेळ मिळतच नाही.

आपोआप गडद होणाऱ्या काचेत घरघर नाही, हा तिचा फायदा. पण मोठी काच पूर्ण गडद व्हायला बरीच मिनिटं लागतात, तोवर ऊन डोळ्यावर. आणि तिच्यातून येणारा उजेड निळसर असतो. त्वचेचा रंग बघून रुग्णाची स्थिती ओळखायची असते तिथं मी ती सुचवणार नाही.

पान्हा

पॅरिसच्या अरब जगत संस्थेचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? १९८७ची इमारत, ज्याँ नूव्हेल. दक्षिणेच्या भिंतीवर २४० चौकटी, त्यांत कॅमेऱ्याच्या डोळ्यासारख्या उघडझाप करणाऱ्या पाकळ्या. दिसायला अप्रतिम. पण इतके नाजूक हलते भाग सांभाळायचे कुणी? झडपा अडकत गेल्या आणि बरीच वर्षं बऱ्याचशा बंदच राहिल्या, अलीकडे दुरुस्त केल्या. माझा नियम साधा आहे: जे हलतं ते बिघडतं, आणि बिघडल्यावर ते कुठल्या स्थितीत अडकेल हे आधी ठरवा. पडदा अडकायचाच तर उघडा अडकू दे. हवेची झडप अडकायचीच तर उघडी अडकू दे. (धूर अडवणाऱ्या झडपांचे नियम वेगळे, त्यांना हात लावू नका.)

ब्रिटनमध्ये १९९५ ते २००२ दरम्यान वीसेक इमारती वापरात आल्यावर पुन्हा जाऊन तपासल्या होत्या, प्रोब नावानं. सार असं, की सांभाळता येणार नाही इतकी गुंतागुंत हाच मोठा रोग. आणि जिथं माणसांना थोडंफार स्वतः बदलता येत होतं, तिथं ती इमारतीचे बाकीचे दोष पोटात घालत होती.

आणि ताई, सेन्सरचे नळ यादीतून काढा. बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात २०११ मध्ये तपासणी झाली, तेव्हा सेन्सरच्या नळांत लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा पाण्यातला जंतू) हाताच्या नळांपेक्षा जास्त वेळा सापडला. आतल्या छोट्या झडपांत जंतूंना घर करायला जागा मिळते. हात न लावता चालणारा नळ जास्त स्वच्छ असेल असंच आपल्याला वाटतं ना?

शंकासुर

हे सेन्सर जे बघतात ते कुठं साठतं, हेही लिहा कुणीतरी. ॲमस्टरडॅमच्या 'द एज' इमारतीत २८,००० सेन्सर आहेत म्हणे. तिथला माणूस निदान संध्याकाळी घरी जातो. खाटेवरचा रुग्ण रात्री किती वेळा उठला, किती वेळ आत बसला, हे कुणाच्या पडद्यावर दिसणार?

रात्रपाळी

पडलेला माणूस लगेच कळणं गरजेचं आहे, त्याला माझा विरोध नाही. पण कॅमेरा नको. मजला दाबला गेल्याचं कळलं तरी पुरे. आणि ते मला कळू दे, माझ्या वरिष्ठांच्या महिन्याच्या अहवालात नको.

कवडसा

तीन दिवस काही लिहिलं नाही, कारण आराखडा मोडून पुन्हा काढत होते.

काय काय बदललं सांगते. फिरत्या झडपा गेल्या, त्यांच्या जागी दक्षिणेला खोल छज्जा आणि पश्चिमेला हातानं सरकवायच्या लाकडी झडपा. मालकांचा चेहरा पडला, पण पान्हांचा 'जे हलतं ते बिघडतं' हा मुद्दा मी स्वतःचा म्हणून खपवला. माफी असावी. आतल्या भिंतींना चुन्याचा गिलावा, तो दमटपणा शोषतो आणि सोडतो. मोटर नसलेला प्रतिसाद.

आपोआप राहिलेल्या गोष्टी चार: ताजी हवा (शून्यरेषा हातानं तपासायची, त्यासाठी माणूस नेमायचा), दिवसाचा वाढता आणि मावळता उजेड, खाटेखालचा दिवा, पडल्याची सूचना. यातल्या दिव्यांवर खाटेवरच्या माणसाचा शब्द शेवटचा. त्यानं एकदा बदल केला की यंत्रणेनं सकाळपर्यंत गप्प बसायचं, दहा मिनिटांनी हळूच मूळ पदावर यायचं नाही. डॅम्पर, हे जमेल ना?

पडद्याला उशाशी दोरी लावायचा विचार आहे.

डॅम्पर

जमेल. 'सकाळ' म्हणजे किती वाजता ते मात्र रात्रपाळीताईंना विचारून ठरवा, मला नको.

रात्रपाळी

सकाळ सात. साडेपाचला रक्त काढायला येतात, ती सकाळ नव्हे.

आणि दोरी अजिबात नको. सलाइनच्या नळीत अडकते, आणि गोंधळलेल्या रुग्णाच्या गळ्याशी लोंबती दोरी मला बघवणार नाही. मोठी, तळहातानं दाबता येईल अशी पट्टी द्या. बोटाची ताकद धरू नका.

डावाहात

आणि ती पट्टी खाटेच्या दोन्ही बाजूंना.

कवडसा

दोन्ही बाजूंना, लिहून घेतलं. उंची?

डावाहात

कोपर न उचलता हात पोचेल इतकी. माझी खाट आता वेगळी आहे, पण आज रात्री आडवा पडून मोजतो आणि आकडा टाकतो.